धाकूने आवळलेले स्क्रू

प्रिय सूनबाई,

पत्र पाहून दचकू नकोस, आम्ही दोघं बरे आहोत. तुझ्या आईंचं हाड जुळलं, त्या काठी घेऊन चालायला लागल्या, हे कळून जिवात जीव आला. फोनवर मला धड बोलता येत नाही, तू जाणतेसच. तुझ्या सासूच्या हातात फोन देऊन मी मोकळा होतो. म्हणून लिहितोय.

सध्या तुझ्या आजीचं कपाट खोलतोय. अख्खं जिन्यातून उतरत नाही. तुमच्या लग्नानंतर ते आलं, तेव्हा मी बाहेरगावी कामावर होतो. धाकूने एकट्याने ते वर नेऊन जोडलं. जुने पितळी स्क्रू सापडेनात, म्हणून हाताला लागले ते लोखंडी बसवले आणि वरून पॉलिशचा हात मारला. परत आल्यावर मी त्याला फैलावर घेतलं. म्हटलं, जन्मभर लोकांचं जुनं फर्निचर दुरुस्त करणाऱ्याचा मुलगा तू, हे गंजून लाकूड धरून बसले की खोलणार कसे? तर हसत म्हणाला, "बाबा, खोलायचंय कुणाला?"

बिजागऱ्यांचे स्क्रू लाकडाशी पार एकजीव झाले होते. अशा कामात घाई केली की खाच झिजते आणि स्क्रू कायमचा हातचा जातो. आधी खाचेतलं पॉलिश सुईने खरवडलं. मग तापलेली सळई स्क्रूच्या डोक्यावर धरली, गार झाल्यावर भोवती काडीने तेलाचा थेंब सोडला आणि मुरू दिला. पेचकसावर हलके ठोके मारायचे, आणि सैल करण्याआधी किंचित आवळायचा. कुरकुरला की समजायचं, सुटणार. पण तेवढं आवळतानाच माझा हात थांबायचा. त्या स्क्रूंना शेवटचा पीळ धाकूच्या मनगटाने दिला होता. साध्या तापाचं निमित्त होऊन पोरगा गेला. त्याच्या हातचं जे जसंच्या तसं उरलं होतं, ते मीच सोडवत बसलो होतो.

तुझी सासू आधी खोलीत पाऊल टाकेना. मग येऊन पलंगाच्या कडेवर बसली आणि म्हणाली, "कपाट गेलं की ती यायची नाही." मी सळई तापवत राहिलो. दुसऱ्या दिवशी तिनेच कप्पे रिकामे केले, तुझे कपडे घड्या घालून पेटीत भरले. धाकूचा निळा सदरा तेवढा स्वतःकडे ठेवला, मला न सांगता. मी पाहिलं नाही असं तिला वाटतंय. शेवटची बिजागरी सुटेपर्यंत दार तिनेच धरलं होतं. खालचा एक स्क्रू मात्र मधेच तुटला. लाकूड पोखरून तुकडा काढला आणि भोकात लाकडी खुंटी बसवली. निरखून पाहिलंस तर दिसेल, रागावू नकोस.

आता मुद्द्याचं. तुझ्या आईंनी त्या मास्तरांच्या मागणीबद्दल कळवलं. माणूस भला आहे आणि तुझ्या मनात भरला आहे म्हणे. पण तू म्हणालीस, माझं घर तिकडे आहे, माझं कपाटसुद्धा तिकडेच आहे. पोरी, कपाट परवा टेम्पोने तुझ्या माहेरी निघतंय. आम्ही तुला घराबाहेर काढत नाही, तुझी खोली आहे तशीच राहील. पण आमच्याकडे बघून नाही म्हणू नकोस, ते ओझं या वयात आम्हाला पेलायचं नाही. होकार आधी त्यांना दे, आम्हाला मागाहून कळव. लग्नाला आम्ही येणार नाही. समोर उभं राहून बघवणार नाही, एवढं समजून घे. नंतर मात्र दोघं या. त्यांना काय म्हणून हाक मारायची, असं तुझी सासू सारखी विचारतेय. मला अजून काही सुचलेलं नाही.

तुझाच,
बाबा