सतरा नंबरच्या आठ नळ्या

मी, खाली सही करणारी, वय सत्तेचाळीस, अविवाहित, रोपांच्या छोट्या प्रयोगशाळेची मालकीण. पुढच्या आठवड्यात माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसे लिहून दिले आहे. हे मृत्युपत्र कोणाच्या दडपणाखाली लिहीत नाही. संशयाखाली लिहीत आहे, हे आधीच कबूल करते.

१. राहते घर धाकट्या बहिणीला. तिने भिंती हव्या त्या रंगाच्या कराव्यात. मागच्या खोलीच्या विजेला हात लावू नये.

२. त्या खोलीतल्या फ्रीजमध्ये चार अंशांवर, अंधारात, स्ट्रॉबेरीच्या एकतीस वाणांची इवलीशी रोपे काचेच्या नळ्यांत आहेत. ती मातीऐवजी पोषक जेलीत वाढतात; दर दीड वर्षाने त्यांना ताजी जेली लागते. सतरा नंबर म्हणजे आईने निवडलेला पांढऱ्या फळांचा वाण. शेतातली रोपे रोगाने गेली. आता तो फक्त या आठ नळ्यांत आहे. असावा.

३. 'असावा' का, तर जानेवारीत त्या आठही झाकणांवरची टेप उलट्या बाजूने गुंडाळलेली दिसली. माझ्याबरोबर काम करणारा भाऊ डावखुरा आहे. आणि हा वाण आपल्या एकट्यालाच मिळावा म्हणून एक नर्सरीवाला भावाच्या मागे लागला होता. मी विचारले. म्हणाला, "सैल झाली होती ताई, नवी लावली. उद्या माझे श्वासही मोजशील तू."

४. हेही नोंदवणे भाग आहे: मागच्या वेळी जेली बदलताना मला ताप होता, आणि सगळी लेबले मी आधीच लिहून ओळीने मांडली होती. "आधी रोप, मग लेबल! किती वेळा सांगायचं?" असे भाऊ तेव्हाच ओरडला होता. म्हणजे अदलाबदल माझ्या हातूनही झाली असेल. नळीत सगळी रोपे सारखीच दिसतात. खरे काय ते फळ धरल्यावर कळते.

५. म्हणून सतरा नंबरची दोन रोपे कुंडीत लावावीत. फळ लाल आले, तर उरलेल्या प्रत्येक नळीतून एकेक रोप लावून पांढरे शोधावे. तोवर एकही नळी फेकू नये.

६. प्रयोगशाळा आणि हे काम भावाकडे. दुसरे कोण करणार? बहिणीच्या हाती प्लास्टिकचे झाडही सुकेल. फळ कोणत्या रंगाचे आले, हे भाऊ सांगेल ते सर्वांनी मान्य करावे. त्याच्यावर नजर ठेवू नये.

या कलमातील खाडाखोड माझी आहे. शेवटचे वाक्य तीनदा खोडून चौथ्यांदा लिहिले. समासात सही केली आहे.

साक्षीदार: शेजारची शिंपीण (सही), मला तपासणारे डॉक्टर (सही). भावाला साक्षीला घेतले नाही. ज्याला मिळायचे त्याला घेऊ नये म्हणतात, एवढेच कारण.

ठिकाण: मागची खोली
दिनांक: १४ मार्च
(सही)