बाबांच्या खोलीचं हँडल

घाटकोपर, रविवार, १९८५

अंगात त्राण नाही, तरी लिहितेय. बाबांच्या खोलीचं गोल हँडल शेवटी मीच बदललं. संधिवाताने त्यांची बोटं वाकडी झालीत, ते फिरतच नव्हतं त्यांच्याकडून. म्हणून वर्षभर मी उघड्या दाराला पाट लावून ठेवत होते. परवा पाट सरकला, दार लागलं आणि मी ऑफिसातून येईपर्यंत बाबा आत अडकून. शेजाऱ्यांनी हाक ऐकली असती की. का नाही मारली?

दादाला दोनदा सांगितलं. "बघतो गं," म्हणाला. कधी बघणार?

जुने स्क्रू गंजून बसलेले. नव्या आडव्या हँडलसाठी भोकंही नवी पाडावी लागली. तळहाताला फोड आलाय. शेवटचा स्क्रू तिरका गेला. असू दे तिरका.

"बाबा, दाबून बघा."

त्यांनी कोपराने दाबलं. उघडलं! लावलं, परत उघडलं. मला वाटलं, आता बाहेर येतील, शाबास म्हणतील.

"मी जरा एकटो बसतंय गो," म्हणाले आणि दार लावून घेतलं.

मी तशीच उभी, हातात स्क्रू ड्रायव्हर. वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू? मग लक्षात आलं, वर्षभरात त्यांना एकदाही दार लावून बसता आलं नव्हतं.