समासात लिहिणारं कोण

प्रिय चंद्रकांता,

तुला आमचा सलाम आणि तुझा जयभीम, दोन्ही. आपल्या दोन घरांमध्ये एक कुंपण आणि एक कढीपत्त्याचं झाड, तरी मी तुला पत्र लिहिते आहे. हसशील. हस बापडी. पाच महिन्यांनी समोर येऊन बोलायला मला तोंड उरलेलं नाही, म्हणून हा कागद.

रविवारची उपासना आटोपली की चर्चच्या हॉलमध्ये आपलं वाचन मंडळ अजून बसतं. मंदाबाई चहात अजून आलं जास्तच घालते. रीतही तीच आहे. पुस्तक एकच, ते पाच घरांत आठवडा-आठवडा फिरतं. जिथं काही वाटलं तिथं समासात पेन्सिलीनं लिहायचं, शेजारी आपल्या नावाचं पहिलं अक्षर घालायचं, खोडायचं नाही. पुढच्या घरानं ते रविवारी मोठ्यानं वाचायचं आणि लिहिणाऱ्यानं त्याचं उत्तर द्यायचं. मंदाबाईकडून माझ्याकडे, माझ्याकडून तुझ्याकडे, तुझ्याकडून पाळकसाहेबांकडे. आता तुझं घर गाळून ते थेट पाळकसाहेबांकडे जातं. तुझी खुर्ची कोणी उचलली नाही, पण तिच्यावर लोक पिशव्या ठेवतात.

माझा स्वभाव तुला माहीतच आहे. कुलूप लावून गेटपर्यंत जाते आणि परत येऊन ओढून बघते. गुंजन होती तेव्हा आईलाच जासूस म्हणायची. तू मंडळात आलीस तेव्हा मीच तुला आणलं होतं, करडी गावच्या शाळेतून रिटायर झाल्यावर तुला वाचायला कोणी सोबत नव्हतं म्हणून. तरी मंदाबाईनं एकदा विचारलं, "ते तर बुद्धविहारात जाते, आपल्यात कायले येऊन राहिली?" मी तिला झापलं. पण ते वाक्य घरी घेऊन आले. त्यातच बाजारात एकानं आमच्या ह्यांना, अमरना, अडवून विचारलं, "तुम्ही त्या मास्तरीनबाईचा धर्म बदलवून राहिले का?" हॉलमध्ये काय चालतं यावर बाहेर कोणाचा तरी डोळा आहे, असं मला वाटायला लागलं. मग मी आतल्यांवरही डोळा ठेवला.

पहिल्या पुस्तकात, 'प्रत्येक हाकेला उत्तर मिळाले' या ओळीशेजारी बारीक, फिक्कट अक्षरात लिहिलेलं निघालं, 'कोणाच्या?' खाली नावाचं अक्षर नाही. तूच ते मोठ्यानं वाचलंस आणि सगळ्यांकडे पाहिलंस. पाळकसाहेबांनी पुढची खूण वाचायला सांगितली. पुढच्या पुस्तकात 'कधी?' तेही तूच वाचलंस. माझ्या डोक्यानं लगेच तपास लावला. मी बुधवारपर्यंत वाचून संपवते, तेव्हा समास कोरा असतो. शनिवारी पुस्तक तुझ्याकडे जातं, रविवारी प्रश्न निघतो. म्हणजे हीच लिहिते आणि हीच साळसूदपणे वाचून दाखवते. बुधवार ते शनिवार पुस्तक माझ्याच घरात, टीव्हीवर पडलेलं असतं, हे मी हिशेबातच धरलं नाही. आमच्या घरात वाचणारी मी एकटी. अमर उपासनेत गातात, मंडळात नुसते चहाला बसतात, वाचत नाहीत, असं मी सगळ्यांना सांगत आले होते.

मग कुष्ठरोग्यांच्या दवाखान्यात आयुष्य घालवलेल्या त्या बाईंच्या आठवणींचं पुस्तक आलं. त्या रविवारी तू सगळ्या खुणा वाचल्यास आणि पुस्तक मिटलंस. मी ते तुझ्या हातातून घेऊन उघडलं. एक खूण तू गाळली होतीस. 'देवाने तिला बरे केले' याच्या शेजारी, 'आणि ती?' मला ती टिंगल वाटली. सगळ्यांसमोर मी म्हणाले, "ज्याईले देवच नाही त्याईनं आमच्या पुस्तकात प्रश्न कायले लिहावं?" तू एकदा अमरकडे पाहिलंस. मग पिशवी घेतलीस आणि गेलीस. मी नाही लिहिलं, एवढंसुद्धा बोलली नाहीस. ती नजर मला चोराची वाटली.

त्यानंतरची चार पुस्तकं कोरी गेली. माझी खात्री पटली, आणि खरं सांगते, बरंही वाटलं.

गेल्या शनिवारी नवं पुस्तक पाळकसाहेबांकडे द्यायला निघाले. सवयीनं पानं चाळली. एका आईच्या प्रार्थनेचं प्रकरण आहे, त्याच्या समासात तेच बारीक अक्षर. 'आणि गुंजन?'

पुस्तक पुढे न देता मी ते घेऊन मोरीच्या पायरीवर बसले. मग उठून गुंजनची पेटी काढली. ती गेल्यापासून तीन वर्षांत मी ती उघडली नव्हती. तिच्या कंपासपेटीत चित्रकलेच्या परीक्षेची ती कडक शिशाची पेन्सिल आहे ना, तिला नवं टोक काढलेलं होतं आणि खाली ताजी सालपटं पडली होती. अमर ड्यूटीवरून आले तेव्हा मी पेन्सिल त्यांच्यापुढे धरली. ते जोडे न काढताच खाली बसले. म्हणाले, "मले तुह्यासमोर बोलता नाही आलं. तू गुंजनचं नावच काढू देत नाहीस. मंग पुस्तकातच लिवलं." बावीस वर्षांच्या संसारात घरातले सगळे फॉर्म मीच भरले, ते फक्त सही करत. मला नवऱ्याचं अक्षर ओळखू आलं नाही.

तुला आलं, पहिल्या दोनदा नाही तरी तिसऱ्यांदा. भंडाऱ्याच्या दवाखान्यात गुंजनच्या उशाशी तुम्ही दोघं वहीत ताप लिहून ठेवायचात, एका पानावर तू, एका पानावर ते. मी त्या वहीकडे बघायलाही घाबरत होते. म्हणून, 'ती' म्हणजे गुंजन हे ओळखून, तिसरी खूण तू गाळलीस, आणि म्हणून माझे शब्द निमूट अंगावर घेतलेस. अमरनाही हे कळलं होतं आणि ते गप्प राहिले. त्या दिवशी मी त्यांना खूप बोलले. मग लक्षात आलं की तीन वर्षं आमच्या घरात गप्प राहायचा नियम माझाच होता.

अमरना म्हटलं, रविवारी उठून सांगा. म्हणाले, "मले नाही जमणार." म्हणून काल मी गुंजनच्याच पेन्सिलीनं 'आणि गुंजन?' शेजारी माझं अक्षर घातलं, 'री'. आता रीतीप्रमाणे उत्तर मला द्यायचं आहे. उत्तर माझ्याकडे नाही, पण तेवढं तरी सगळ्यांसमोर म्हणेन, आणि तुझ्याबद्दल जे बोलले तेही त्याच हॉलमध्ये परत घेईन. माझ्यानंतर पुस्तक तुझ्याकडे जातं. या पत्रासोबत ते कुंपणावरून तुझ्या ओट्यावर ठेवते आहे. रविवारी ये आणि ती ओळ तू वाच, चंद्रकांता. तिचं नाव चारचौघांत मोठ्यानं ऐकून तीन वर्षं झाली, आणि पहिल्यांदा ते तुझ्या तोंडून ऐकलं तरच मला उभं राहता येईल.

तू अजून म्हणू देत असशील तर, तुझीच,
रीता