घासलेला नंबर

प्रिय अंजनी,

अक्षर ओळखणार नाहीस, डाव्या हाताने लिहितोय. पाच वर्षं कुठे होतो? भुसावळ, सुरत, मग हुबळी. हुबळीला सर्कशीच्या गाड्या सांभाळत होतो, तिथला उंट मला चावला होता, पण ते राहू दे. सध्या उल्हासनगरला दवाखान्यात पडलोय.

महिन्यापूर्वी पोट खपाटीला गेलं म्हणून परत आण्णाच्या गॅरेजात लागलो. आण्णा तुला आठवेल, तुझ्या बाबांची, हरिचंद्र काकांची, लॉरी विकत मागायला दोनदा बेलवलीला तुमच्या घरी आला होता. त्याच्या शेडमागे ताडपत्रीखाली एक लॉरी आहे, महायुद्धातली, लष्कराने लिलावात काढलेली. मुंबईचा एक हौशी माणूस असल्या गाड्या जमवतो, त्याला ती हवीय, पण नोंदणीच्या पुस्तकाशिवाय नको. आरटीओचे साहेब येऊन बघून गेले. चेसिसवर नंबराची जागा गालासारखी गुळगुळीत. म्हणाले, मूळ नंबर दाखवा, नाहीतर पोलिसांचा दाखला आणा, मग नवा ठोकायची परवानगी मिळेल. पोलीस म्हटल्यावर आण्णाने मोडीत गेलेल्या दुसऱ्याच लॉरीचं पुस्तक कुठूनसं आणलं आणि नंबर ठोकायचे पंच माझ्यापुढे टाकले. म्हणाला, "ठोक आनंदा, तुझा हात साफ आहे."

लोखंडावर नंबर ठोकतात ना, त्याचा मार आतपर्यंत जातो. वरून घासला तरी खाली मुका मार राहतो. भुसावळच्या एका लेथवाल्याने मला युक्ती शिकवली होती. रविवारी आण्णा जेवायला घरी गेला तेव्हा मी ती जागा पॉलिश पेपरने चकचकीत केली, संडास धुवायच्या अ‍ॅसिडात मोरचूद घालून बोळा फिरवत बसलो. तासाभराने आकडे वर यायला लागले, एकेक, पुसट, बोटाला जेमतेम लागतील इतके. पातळ कागद ठेवून पेन्सिल घासली, छाप उतरला. आरटीओच्या अर्जाला दोन लागतात, म्हणून सवयीने दोन काढले. एक चपलेत सरकवला. दुसरा हातात असतानाच आण्णा आला.

त्याने कागद फाडला. मग माझा उजवा हात टेबलावरच्या वाईसच्या लोखंडी जबड्यात घातला आणि दांडा फिरवला. अंजनी, बोटं मोडताना ओल्या काटक्यांसारखा आवाज येतो, लगेच कळत नाही की तो आपलाच आहे. मी गुरासारखा ओरडत होतो आणि तो अगदी शांतपणे बोलत होता. "हरिचंद्र पण असाच हट्टी. हँडलचे दोन टोले खाल्ले तरी स्टीअरिंग सोडेना. तिसऱ्याला सोडलं." मग लॉरी सुरू करायचं तेच लोखंडी हँडल माझ्या बरगडीत घातलं. शेजारच्या साबणाच्या कारखान्यातले गडी धावले म्हणून वाचलो. आता आण्णा रोज मोसंबी घेऊन येतो आणि नर्सला सांगतो, पोराचा हात मशिनीत गेला.

तुझे बाबा कात्रपच्या रस्त्याला डोकं फुटून सापडले. दारू पिऊन पडले आणि उभी लॉरी कोणी पळवली, असं पोलिसांनी कागदावर लिहिलं. माळकरी माणूस, सुपारीसुद्धा खात नव्हता. तुझी आई बनूबाई सगळ्यांना तेच सांगत फिरली, लोक मान हलवून पुढे गेले.

तो नंबर घासणारा मीच, अंजनी. बाबा सापडले त्याच दिवशी दुपारी. आण्णा म्हणाला घास, मी कानस घेतली. नाक्यावर दोन रेडे झुंजत होते, एकाचं शिंग उपटून रक्ताची धार लागली होती, ते बघायला पळालो आणि काम अर्धवट टाकून वर रंग फासला. खोल घासायचं राहिलं म्हणून आज आकडे आले. केबिनही मीच धुतली, तीन बादल्या. आण्णा म्हणाला, बोकड नेला होता, त्याचं रक्त. सीटच्या शिवणीत पिकलेले केस अडकले होते. मी ते नखाने काढले.

आणि लॉरी मी ओळखली होती. तिच्यात पेंढ्यावर बसून आपण अंबरनाथच्या जत्रेला गेलो होतो, मी कशी नाही ओळखणार? आण्णाने फक्त हँडल उचलून दाखवलं, तेवढ्यावर मी गप्प झालो. बाराव्याला तुमच्या अंगणात पंगत वाढली, तू मला पाणी आणून दिलंस. दुसऱ्या दिवशी गाडी पकडली.

हे पत्र माफीसाठी नाही. सोबत पेन्सिलचा छाप आहे. काकांचं पुस्तक आईच्या ट्रंकेत असेल, त्यातल्या नंबराशी लावून बघ. जुळलं की छाप, पुस्तक आणि हे पत्र घेऊन पोलिसांत जा, एकटी जाऊ नकोस, गावातली चार माणसं घे. लॉरी बनूबाईच्या नावावर झाली पाहिजे आणि बाबांच्या नावापुढची दारू खोडली गेली पाहिजे. आज गुरुवार, म्हणून पत्र हातोहात पाठवतोय. शनिवारी आण्णा गॅसकटरने तिचे तुकडे करणार आहे, तोच काल सांगून गेला, मग या छापाला काही अर्थ उरणार नाही. हीच माझी जबानी समज. मलाही धरतील, धरू देत. पुरी सही करतो, म्हणजे कोणी म्हणायला नको की पत्र बनावट आहे.

हक्क नाही, तरी तुझाच,
आनंदा कोंडाजी म्हसकर