घोंगडीची जागा

सारंगखेड्याची जत्रा, मार्गशीर्ष वद्य तृतीया, सन १९३७

आजही आमचा सिनेमाचा तंबू निम्मा रिकामा. आमचं चित्र बोलतं, समोरच्या तंबूतलं मुकं, तरी लोक तिकडंच. का? शेवटी रोज पोरींना घेऊन तिकडं जाणाऱ्या रहीमचाचा पिंजाऱ्यांनाच विचारलं. ते हसले. "तठे मन्ही घोंगडीनी जागा शे, भाऊ. मी येवालगून मालक कोनले बसू देत नही. तुन्हा बाकडावर मन्ह्या पोरी झोपतीन का?"

तिकडं चाचा येईपर्यंत त्यांची जागा राखतात, आमच्याकडं बाकडी! आणि मी दारात उभा राहून त्याच बाकड्यांची दवंडी पिटतोय.

चाचा तिकडून फुटणार नाहीत. फुटूही नयेत. पण जत्रेत नवे लोकही आहेतच ना? उद्या आमच्या मालकाशी भांडून पुढची बाकडी काढायला लावणार. कामावरून काढलं तर काढू देत. रिकामा तंबू राखायला घरापासून एवढ्या लांब आलो नाही. जो पहिली घोंगडी टाकेल, त्याचं नाव विचारून ठेवायचं. पुढच्या जत्रेला त्याची जागा मी धरणार.