वेशीच्या सांध्यातलं सिमेंट

आप्पा, चुकलो मी, ते कबूल. पण चारचौघांत पोटच्या पोराच्या हातातली थापी ओढून घ्यायची काय गरज होती? वीस वर्षांचा होतो मी. गावची वेस दुरुस्त करायचं काम तुमच्याऐवजी मला मिळालं होतं, सांध्यातला जुना चुना उकरून मी सिमेंट भरत होतो, आणि तुम्ही ती थापी धुळीत टाकून म्हणालात, "ह्याला गवंडी कोण म्हणंल? भिंतीचं त्वांड दाबून मारतोय ह्यो." माणसं हसली. त्या हसण्यावर मी घर सोडलं. आधी पाटसला कारखान्याच्या बांधकामावर, मग पुण्याला हॉटेलात तंदूरवर. तुम्हाला जाऊन सहा वर्षं झाली, तरी हे भांडण माझ्या बाजूनं चालूच हाय.

आता मी वेल्समध्ये असतो. इंग्लंडला लागून हा डोंगराळ मुलूख. काम तंदूरचंच. हे गाव आपल्या गावाच्या निम्मंसुद्धा नाही. एक दगडी पूल, एक चर्च, बंद पडलेली एक पाणगिरणी आणि पन्नासेक घरं. छपरं काळ्या दगडाच्या पातळ फरश्यांची. शाळेत माझी पाटी होती, तसलाच दगड. सातवीत पाटी टाकली आणि आता तिच्याखाली झोपतो. मेंढरं माणसांपेक्षा जास्त. मेंढरं घेऊन हिंडणारा आज्जा असता तर घोंगडी टाकून इथंच बसला असता, शिरूरकडं परत फिरला नसता.

सोमवारी हॉटेल बंद असतं. अशाच एका सोमवारी चर्चपाशी एक म्हातारा शिडीवर उभा राहून छिन्नीनं सांध्यातलं सिमेंट काढताना दिसला. मी खाली थांबलो, तर हलवेना तिथनं. त्याच्या बोलण्यातलं मला निम्मं कळतं, पण त्यानं दगडावर बोट फिरवलं आणि दगडाचा पापुद्रा कांद्यासारखा सुटून आला. भिंतीत मुरलेलं पाणी सिमेंटमुळं सांध्यातनं बाहेर पडेना, म्हणून दगड फोडून बाहेर पडतंय. तुम्ही म्हणायचा, चुन्यातनं भिंतीला घाम येतो, येऊ द्यावा. मी म्हणायचो, तुम्हाला नवं काही बघवत नाही. म्हाताऱ्याच्या घमेल्यातला चुना मी थापीवर घेतला आणि तुम्ही पारखायचा तशी थापी उलटी केली. चुना पडला नाही. म्हातारा माझ्याकडं बघत शिडीवरनं उतरला आणि त्यानं मला वर चढायची खूण केली.

तेव्हापासून दर सोमवारी मी त्याच्याकडं असतो. आपली चुना मळायची घाणी त्याला हातवारे करून सांगितली, बैल, दगडी चाक, हिरड्याचं आणि गुळाचं पाणी. गुळाचं त्याला खरं वाटेना. पुढच्या सोमवारी हॉटेलातला खडा नेऊन दिला. तो त्यानं तोंडात टाकला आणि म्हणाला, हा भिंतीला कशाला घालायचा, चहात घालू. तुमचं त्याच्याशी जमलं असतं. भांडलाही असता.

मागच्या महिन्यात थोरल्या भावाचा फोन आला. वेशीच्या वरच्या विटांचा भुगा पडतोय. मी भरलेलं सिमेंट तसंच हाय, कडक, आणि मधली वीट खलास. पंचायत म्हणते, पाडून टाकू, उसाचे ट्रॅक्टर तरी सरळ जातील. मी म्हणालो, हात लावू देऊ नको. तुमच्या हाताखाली काम केलेले भांडगावचे मामा अजून ताठ हायेत. थोरल्यानं त्यांना फोनवर आणलं. घाणीचं चाक बांधाला पडलंय म्हणाले, चुना भिजत घातला की महिन्यानं काम धरता येईल. मग विचारलं, "आरं पण वर चढनार कोन? माझं गुडघं गेलं."

"मी येतो मामा. उतरल्याबरोबर कामाला लागतो." थोरल्यानं ग्रामसभेत तसं सांगितलं आणि पंचायतीनं होळीपर्यंत मुदत दिली. आप्पा, मी वेस उभी करणार. ह्यात आता शंका नाही.

एकच गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली. त्या दिवशी तुम्ही विचारलंत, सिमेंट कुणी भरायला सांगितलं, आणि मी सरपंचांचं नाव घेतलं. तुम्ही तसेच चावडीवर गेलात. सरपंच शपथेवर नाही म्हणत होते, तरी तुम्ही म्हणालात, "माझा पोरगा खोटं बोलायचा न्हाई." त्यानंतर पंचायतीचं एकही काम तुमच्याकडं आलं नाही. सरपंच खरं बोलत होते, आप्पा. मला ते म्हणाले होते, तुझ्या बापाला विचारून कर. चुन्याला महिना गेला असता, सिमेंटला तीन दिवस, आणि मला तुमच्यापेक्षा लवकर करून दाखवायचं होतं.

हे पत्र टाकायचं कुठं, ते काही मला माहीत नाही. वहीतच राहील. चुना, विटा, बैल आणि मामांची मजुरी धरून थोरल्याच्या नावावर आज पाठवतोय, बावीस हजार रुपये, म्हणजे मी उतरेपर्यंत चुना भिजलेला असेल.