कोरा टाक

१२ नोव्हेंबर
पोचले एकदाची! जालन्याहून बस, घनसावंगीहून जीप, मांडीवर कुणाची तरी कोंबडी. धनगरांच्या वस्तीवर सांडूआबा आणि गोपिकाबाईंकडे उतरले आहे. त्यांची सून रेणुका लेकराला कडेवर घेऊन हसत पुढे आली. इथली पोरं आता मेंढरं सोडून जेसीबीवर जातात, म्हणून आहे तोवर सगळं कॅमेऱ्यात धरून ठेवायचं. हौस माझी, दुसरं काय!

१४ नोव्हेंबर
देव्हाऱ्यात चांदीचे टाक आहेत. घरातल्या गेलेल्या प्रत्येक माणसाचा एक, त्यावर चेहरा उठवलेला. एक मात्र कोरा. मेंढरांमागे परमुलखात मेलेला कुणी पूर्वज, त्याचं तोंड कुणालाच आठवेना. गोपिकाबाईंनी बजावलं, याचा फोटू बिलकुल काढू नको बाई. काढलास, तर मंग त्याच कॅमेऱ्यानं पुढं ज्याचा काढशील त्याचं तोंड तो घेतो. मला हसू आवरेना. त्या पाण्याला गेल्या आणि मी काढलाच. उजेड काय सुरेख पडला होता! मग अंगणात रेणुकाचा काढला, लेकराला न्हाऊ घालताना.

१५ नोव्हेंबर
लेकरू आईकडे जाईना. तिनं उचललं की किंचाळतं, दूध पीत नाही. फोटो मोठा करून पाहिला. रेणुकाचं नाक पुसट आलंय. माझाच हात हलला असणार.

१७ नोव्हेंबर
हात हलला नव्हता. रेणुकाच्या नाकात मोरणी ठरत नाही, नाकच सपाट होत चाललंय. आणि कोऱ्या टाकावर नाक उमटलंय, मोरणीसकट. मेले मी! गोपिकाबाईंचे पाय धरले, सगळं सांगितलं. त्या रागावल्यासुद्धा नाहीत. म्हणाल्या, दुसरं तोंड दिलं तरच तो पहिलं सोडतो.

१८ नोव्हेंबर
उपाशी लेकराचा रडायचा आवाजही निघेना. आबा म्हणाले, माझा काढ, माझं आता काय राह्यलंय. मी कॅमेरा उचलला — त्यांच्यावर धरलासुद्धा, देवा! — पण केलं मी होतं. टाकाचा पुन्हा काढला. मग कॅमेरा माझ्याकडेच फिरवला —

संध्याकाळ
लेकरू पितंय! रेणुकाचं नाक, ओठ, सगळं परत — माझ्याकडे बघून तिनं पदर डोळ्यांवर ओढला. गोपिकाबाई टाकाला कुंकू लावताहेत, रडताहेत. आरसा मागितला, कुणी देईना.
आईला व्हिडिओ कॉल लावला. ती ओरडली, कोण, कोण आहे म्हणून. मी आहे गं, म्हणायला गेले — तर ओठच —